‘मिळाले’ म्हणजे ‘मान्य’ नव्हे

आमच्या घरात विमानाचं तिकीट पहिल्यांदा काढलं ते भावाला भेटायला. माझा धाकटा भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. अकरा महिने तो घरी आला नव्हता, आणि मार्चात एक दिवस त्याचा फोन आला की जहाज दीड दिवसासाठी कोचीला लागतंय. दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत त्याला बंदराबाहेर पडायची परवानगी मिळणार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जहाज सुटणार, आणि मग पुढचे सात-आठ महिने कुठल्या समुद्रात, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. “येशाल का तुमी?” त्याने विचारलं. आईने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, “येशाल का म्हणजे? आलोच!” तिकिटं मी त्याच दुपारी काढली, तिघांची.

आमचं घर पेणच्या पुढे, खाडीकाठी. आजोबांपर्यंतच्या सगळ्या पिढ्या मिठागरात राबल्या. बाबांनी मीठ पिकवण्याऐवजी मीठ वाहायचं ठरवलं आणि एक थकलेला जुना ट्रक घेतला. आज चार गाड्या आहेत. लग्न होऊन मी गावातच दोन घरं पलीकडे गेले, म्हणून ऑफिस माझ्याकडेच राहिलं. गाड्या बाबांच्या, कागद माझे, अशी आमची वाटणी आहे.

कागदाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धंद्यात सगळं पोचेवर चालतं. माल उतरवला की घेणाऱ्याने बिल्टीच्या, म्हणजे मालासोबतच्या पावतीच्या, प्रतीवर ‘मिळाले’ असं लिहायचं, खाली सही आणि शिक्का. ती झाली पोच. गोणी कमी भरल्या, मीठ ओलं निघालं, गाडी उशिरा पोचली, तर त्याचा शेरा तिथल्या तिथे त्याच कागदावर मारायचा. बाबा सातवी शिकलेले. चाळीस वर्षं पोचा घेऊन आणि देऊन त्यांचा हात असा बसलाय की कोणीही कुठलाही कागद पुढे केला की ते ‘मिळाले’ लिहितात आणि सही करतात. बँकेचा माणूस असो, मीटर बघायला आलेला असो. माझ्या लग्नात आहेराच्या यादीखालीसुद्धा त्यांनी ‘मिळाले’ लिहून सही ठोकली होती, आणि सासरची माणसं ती यादी अजून काढून दाखवतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी विमान प्रवाशांचे नियम वाचून काढले. नवरा हसला. पण कुठलंही वाहन ठरल्या वेळी सुटेल यावर विश्वास ठेवायला माझ्या धंद्याने मला शिकवलेलंच नाही. नियम तसे सोपे होते. कंपनीने विमान रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, नाहीतर प्रवाशाला चालेल असं दुसरं विमान, निवड प्रवाशाची. आधी कळवलं नसेल तर वर भरपाई. कारण कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, वादळबिदळ, तर भरपाई नाही, पण निवड मात्र तरीही प्रवाशाचीच. मी हे सगळं वहीच्या पानावर उतरवून पर्समध्ये ठेवलं.

सकाळी सहाला निघालो. बाबांनी पांढरी पँट-शर्ट घातली होती. आईच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, डब्यात वालाचं बिरडं, आणि सुकी करंदी, म्हणजे बारकी कोळंबी, एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधलेली, वास बाहेर येऊ नये म्हणून. वाशीपर्यंत आई एकच गोष्ट विचारत होती, की विमानात करंदी पकडली तर काय करायचं. बाबा म्हणाले, “तूच खाऊन टाक, मग कोन पकडतंय.”

विमानतळावर सामान द्यायच्या रांगेत उभे होतो आणि माझा फोन वाजला. कंपनीचा संदेश. तुमचं विमान ऑपरेशनल कारणांमुळे रद्द झालं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सुटायला पावणेदोन तास उरले होते. मी पहिलं काम काय केलं असेल, तर वरच्या मोठ्या पाटीचा फोटो काढला. आमचा ट्रक बंद पडला तरी पहिला फोटोच काढावा लागतो; गाडीचा, शेजारच्या दगडाचा, बाजूने जाणाऱ्या वाहतुकीचा. नाहीतर उद्या पार्टी म्हणते की रस्ता तर मोकळा होता. पाटीवर आमच्या विमानापुढे ‘रद्द’ होतं आणि त्याखाली कोचीचीच आणखी दोन विमानं, दुसऱ्या कंपन्यांची, वेळेवर. त्यातलं एक दीड वाजता सुटणारं. ते मिळालं तर पाचच्या आत आम्ही भावापाशी पोचत होतो.

मी आईबाबांना म्हटलं, “रांग सोडू नका. मी त्या दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर जागा आहेत का बघून येते.” आणि पळाले. जागा होत्या. मी श्वास न घेता परत आले, तर दोघं रांगेच्या बाहेर, बाकावर बसलेले. बाबांच्या हातात तीन जेवणाची कुपनं आणि एक छापील कागद.

“झालं काम,” बाबा म्हणाले. “उद्या संध्याकाळचं विमान दिलं.”

“उद्या संध्याकाळी तो कुठे असेल, बाबा? पहाटे सुटतंय ना जहाज!”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“तुम्ही सही केली कशावर?”

“पोच दिली.”

“कसली पोच?”

“कागदाची. तिनं कागद दिला, आपून मिळाला म्हनून लिवलं.”

मी काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं की मॅडम, पॅसेंजरने अल्टरनेट ॲक्सेप्ट केलंय, साइन आहे, आता सिस्टिममध्ये बदल होणार नाही. मी वहीचं पान काढलं. म्हटलं, निवड आमची आहे, ती विचारलीत का? दीडच्या विमानात जागा आहेत, तिथे पाठवा, तुम्ही आणि ती कंपनी आपसात बघून घ्या. ती म्हणाली, साइन आहे. मी म्हटलं, मॅनेजरला बोलवा. मॅनेजर आला. तोही म्हणाला, साइन आहे. मी म्हटलं, मग रद्द का केलं त्याचं कारण लिहून द्या. ते त्याने दिलं नाही. असं पन्नास मिनिटं चाललं.

आता खरं लिहिते, कारण इतकं सगळं दुसऱ्यांच्या माथी मारून माझं तेवढं लपवणं बरं नव्हे. त्या पन्नास मिनिटांत पदरचे पैसे घालून दीडच्या विमानाची तीन तिकिटं काढता आली असती. महाग होती, पण आम्ही काही उपाशी मेलो नसतो. मला ते सुचलं नाही असंही नाही. मला ते करायचं नव्हतं. चूक त्यांची, मी का भरू, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. शेवटी नाइलाजाने त्या खिडकीकडे वळले, तेव्हा तिथल्या मुलीने सांगितलं की जागा आता भरल्या.

दुपारी भावाचा फोन आला. व्हिडिओवर तो बंदराच्या फाटकाबाहेर उभा, शर्ट घामाने चिकटलेला, मागे लख्ख ऊन.

“आये कुठं हाय?”

“हितंच हाय रं,” आई म्हणाली. “मुंबईत.”

त्याने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, “बरं. भाकऱ्या तुमी खा.” आम्ही पार्किंगमध्ये गाडीचा दरवाजा उघडा टाकून खाल्ल्या. म्हणजे बाबांनी आणि मी. आईने हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर मी बोलले. गप्प बसणं मला जमतच नाही. “बाबा, न वाचता सही कशी केलीत? सही नसती केली तर आत्ता आपण विमानात असतो.” बाबा बाहेर बघत होते. म्हणाले, “व्हय. चुकलो.” मी आणखी काय काय बोलले ते सगळं इथे लिहायची माझी तयारी नाही. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तीही बाबांवर चिडलीय.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. ‘म्हातारा सही करून मोकळा झाला’ असं नाक्यावर लोक हसून म्हणायचे, आणि ती बातमी पुरवली कोणी, तर मीच. चार दिवसांनी आमचा एक ड्रायव्हर चौलचे नारळ उतरवून पोचा घेऊन आला आणि नेहमीसारख्या बाबांपुढे सहीसाठी ठेवल्या. बाबांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

“बाय, तूच कर. माज्या सहीचं आता काय खरं न्हाय.”

मला वाटलं, रुसलेत, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. त्यांनी शिक्का माझ्या खणात ठेवून दिला. बँकेत जायचं तर मला बरोबर घ्यायला लागले, आणि कोणी कागद पुढे केला की हात मागे घ्यायला लागले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं ज्याच्या सहीवर गाड्या सुटल्या आणि उभ्या राहिल्या, तो माझ्या एका दुपारच्या बडबडीने असा झाला. तेव्हा मी ठरवलं. पैसे मला नको होते असं म्हणणार नाही, हवेच होते. पण त्याहून मला एक कागद हवा होता, ज्यावर कोणीतरी शिक्क्यानिशी लिहिलेलं असेल की चूक माझ्या बापाची नव्हती.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आम्ही गेलो नव्हतो. जाऊन करायचं काय होतं? म्हणून मी कंपनीला लिहिलं, तिकिटाचे पूर्ण पैसे द्या आणि नियमाप्रमाणे भरपाई द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. विमान खराब हवामानामुळे रद्द झालं, त्यामुळे भरपाई लागू नाही. प्रवाशाने पर्यायी विमान स्वखुशीने स्वीकारलं आणि त्या विमानाला तो आला नाही, म्हणून परतावा लागू नाही. तरीही सदिच्छा म्हणून आम्ही पुढील प्रवासासाठी एक व्हाउचर देत आहोत, सहा महिन्यांत वापरावे.

हवामान! मार्च महिना, मिठाचे ऐन दिवस. त्या सकाळी आमच्याच दोन गाड्या मिठागरावर भरत होत्या, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. कोचीला खराब होतं म्हणावं, तर भाऊ तिथे उन्हात घाम पुसत उभा. आणि दीडचं विमान कुठल्या वेगळ्या आभाळातून गेलं? मुख्य म्हणजे त्यांचाच संदेश माझ्या फोनमध्ये होता, ‘ऑपरेशनल कारणांमुळे’. मी उत्तर लिहिलं, संदेश आणि पाटीचा फोटो जोडला, व्हाउचर परत केलं. त्यांच्याकडून तेच उत्तर, तारीख तेवढी नवी. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला लिहिलं. तेच. सरकारी तक्रारीच्या संकेतस्थळावर टाकलं, तर कंपनीने तिथेही तोच मजकूर आणून चिकटवला. सगळीकडे शेवट एकच: प्रवाशाची सही आहे.

मग मी अलिबागला ग्राहक आयोगात तक्रार टाकायचं ठरवलं. वकील लागत नाही, आपली तक्रार आपल्यालाच मांडता येते, हे कळल्यावर मला तर चेवच चढला. नवरा म्हणाला, इतक्या हेलपाट्यांच्या डिझेलमध्ये कोचीला दोनदा जाऊन येशील. मी म्हटलं, जाईन.

तक्रारीला बाबांचं शपथपत्र लागणार होतं, कारण काउंटरवर काय झालं ते मी पाहिलेलं नव्हतं. एका रविवारी मी ओटीवर वही घेऊन बसले. बाबा झोपाळ्यावर, आई दाराशी सुपात वाल निवडत होती.

“बाबा, ती मुलगी नक्की काय म्हणाली?”

“उद्याचं विमान देतो म्हनाली. हितं सही करा.”

“पैसे परत मिळतील, दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवता येईल, असं काही म्हणाली?”

“न्हाय.”

“कागद वाचून दाखवला? मराठीत, हिंदीत?”

“न्हाय.”

“सही करायची घाई केली का? कोणी सांगितलं, करून टाका म्हणून?”

बाबांनी झोपाळा पायाने थांबवला. “सांगायला कोन पायजे? मी काय कुक्कुलं बाळ हाय? माज्या मनानं केली. तसंच लिव.”

“अहो, पण घाईघाईत घेतली असं लिहिलं तर आपल्याला बरं पडेल.”

“बाय, मी खोटं लिवून देनार न्हाय. सही मी केली, माज्या मनानं केली. संपलं.”

आई सूप घेऊन परसात निघून गेली. मी दातओठ खात ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. ओळखीच्या एका वकिलांना दाखवलं, तर ते म्हणाले, ताई, या एका वाक्यावर तुमची केस बुडेल. मला ते पटत होतं. पण बापाने शपथेवर सांगितलेलं मी बदलणार कशी? त्या दिवसांत त्यांनी सही केली ती फक्त त्या शपथपत्रावर.

त्यानंतर तारखा पडत गेल्या. कधी समोरचे वकील आले नाहीत, कधी कागद पोचले नाहीत. मध्यंतरी भाऊ सुट्टीवर घरी आला. आईने महिनाभर त्याच्या ताटावरून नजर हलवली नाही. तोही मला म्हणाला, “ताय, सोड ना आता. मी आलो ना घरी?” मी म्हटलं, तुझ्यासाठी चाललेलंच नाही हे. त्याला ते लागलं असावं, पण खरं होतं. तो होता त्या महिन्यातही बाबांनी एका कागदावर सही केली नव्हती.

मग एकदाचं कंपनीचं लेखी उत्तर आलं. पंधरा पानं. मी ऑफिसात बसून एकेक पान उलटत होते. हवामान, अटी आणि शर्ती, स्वखुशी, पुन्हा स्वखुशी. शेवटी पुरावा म्हणून बाबांनी सही केलेल्या त्या कागदाची झेरॉक्स. तो कागद मी तोपर्यंत नीट पाहिलाच नव्हता. सही झालेला कागद त्यांनी ठेवून घेतला होता; बाबांच्या हातात होतं ते नुसतं दुसऱ्या दिवशीचं तिकीट. बारीक इंग्रजीत दोन परिच्छेद. पर्यायी विमान मला मान्य आहे, यापुढे माझी कुठलीही मागणी राहणार नाही, अशा अर्थाचे. आणि खाली, छापील रेघेच्या वर, बाबांच्या ठसठशीत अक्षरात मराठीत एकच शब्द, ‘मिळाले’. त्याखाली सही.

मी मोठ्याने हसले. बाहेर टायर बदलणारे दोघं आत डोकावून गेले. सव्वा वर्ष ज्या सहीपायी मी बापाला दोष दिला, तिच्यापाशी त्या माणसाने कुठेही ‘मान्य’ लिहिलेलं नव्हतं. कागद मिळाला, एवढंच लिहिलं होतं. जे झालं तेच, एक अक्षर जास्त नाही. आणि हा पुरावा कंपनीने स्वतः टाचून मला पाठवला होता.

सुनावणीच्या दिवशी बाबा तीच पांढरी पँट-शर्ट घालून आले. मी एका पिशवीत गेल्या वर्षभराच्या पोचा भरून घेतल्या होत्या. कंपनीचा वकील तरुण होता, सभ्य होता, आणि त्याचं सगळं म्हणणं एका वाक्यात होतं: सही म्हणजे संमती. माझी पाळी आली तेव्हा मी पोचांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हा माणूस चाळीस वर्षं मालवाहतूक करतो आणि आमच्या धंद्यात ‘मिळाले’ याचा अर्थ काय होतो ते या कागदांवर आहे.

समोर आयोगाचे तिघं बसले होते, अध्यक्ष आणि दोन सदस्य. त्यातल्या बाईंनी गठ्ठा ओढून घेतला. एक पोच मोठ्याने वाचली, “‘मिळाले. तीन गोणी ओल्या.’”

“हो,” मी म्हटलं. “माल मिळाला, पण जसा मिळाला तसा त्यांना मान्य नाही.”

“आणि नुसतं ‘मिळाले’ असेल तर?”

“तर नुसतं मिळालं. चांगलं की वाईट, ते त्यात येत नाही. हिशेब मिटला असं तर मुळीच नाही. तो मिटला की आमच्यात वेगळं लिहितात, ‘मान्य’, आणि मगच सही.”

वकील उठला. म्हणाला, म्हणजे तुमचं म्हणणं, अशी पोच दिल्यावरसुद्धा समोरची पार्टी मागाहून नुकसानभरपाई मागू शकते?

“मागते की,” मी म्हटलं. “रोज मागते. आणि आम्ही भरतो, साहेब. तुमच्यासारखं ‘सही आहे’ म्हणून चालत नाही, नाहीतर उद्या कोणी माल देणार नाही.”

बाई हसल्या. अध्यक्षांनी बाबांना उभं राहायला सांगितलं आणि विचारलं, तुम्ही स्वतःच्या मनाने सही केली असं तुम्ही लिहिलंय, बरोबर? बाबा म्हणाले, व्हय. तेव्हा तुम्हाला आणखी काय काय मिळू शकतं ते कोणी सांगितलं होतं? बाबा म्हणाले, “न्हाय. सांगितलं आस्तं तर पोराला भेटाया गेलो आस्तो. त्याच्यासाटीच निघालो होतो ना?” वकिलाने आपली फाईल मिटली.

दोन महिन्यांनी निकाल आला. तिकिटाचे पूर्ण पैसे, व्याज, नियमाप्रमाणे भरपाई, झालेल्या मनस्तापाबद्दल वेगळी रक्कम. हवामानाचं कारण कंपनीला सिद्ध करता आलं नाही, असंही त्यात होतं. संध्याकाळी मी ओटीवर बसून सगळा निकाल वाचून दाखवला, इंग्रजीचं मराठी करत. पैशाचा आकडा आला तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली. सहीचा भाग त्यानंतर होता. ज्या प्रवाशाला त्याचे पर्याय सांगितलेच नाहीत, त्याच्या सहीला संमती म्हणता येत नाही. प्रवाशाने सही केली यात त्याचा काही दोष दिसत नाही. दोष असलाच तर न सांगता ती घेणाऱ्या कंपनीचा.

“परत वाच,” आई म्हणाली. “ती सहीची वळ.”

मी परत वाचली.

“दोस न्हाय, आसं लिवलंय?”

“असंच लिहिलंय. शिक्का आहे खाली.”

आई उंबऱ्यावर बसली होती. तिने पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला. मग माझ्याकडे न बघता, बाबांकडेही न बघता बोलली.

“सही करा म्हनून मीच सांगितलं त्यांना. ते थांबत होते. म्हनत होते, पोर येऊ दे, ती वाचंल. माजे गुडघे भरून आले होते, आनि मना भ्या वाटलं की न्हाय घेतलं तर उद्याचंबी हातचं जाईल. मीच म्हनलं, किती येळ उबं राहायचं, करून टाका एकदाची.”

गाडीत मी जे जे बोलले होते ते एकेक वाक्य मला ऐकू यायला लागलं. नाक्यावरच्या हसण्याला खाद्य मीच पुरवलं होतं. त्या ‘माज्या मनानं केली’ वर तर मी किती चिडले होते. लाज वाटली, दुसरा शब्द नाही त्याला.

“बाबा,” मी म्हटलं, “इतके दिवस सांगितलं का नाहीत मला?”

बाबांनी निकालाचा कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

“सांगितलं आस्तं तर तू तिच्यावर वरडली आस्तीस, बाय. तिचा पोरगा भेटायचा राहिला होता त्या दिवशी, वर तुजं ऐकायचं कुठं? माज्यावर वरडलीस ते बरं झालं. मना सवय हाय.”

आई म्हणाली, “काय तरी बोलता,” आणि रडायला लागली. पण बाबा म्हणाले ते खरं होतं. मी ओरडलेच असते.